नावं संपता संपेनात

महोदय,

भाच्याने ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम संपवला, तेव्हा शेवटी येणारी, तो बनवणाऱ्यांची नावं बघत मीही बसले. चहा झाला, कप विसळून आले, तरी नावं सरकतच होती! २०१८ सालच्या या गेमसाठी रॉकस्टार या कंपनीने एडिनबरा, सॅन दिएगो, टोरांटो, लीड्स, बंगळूरु अशा आपल्या साऱ्या स्टुडिओंना एकाच कामाला जुंपलं होतं.

आपल्याकडे मात्र ‘गेम बनवतो’ म्हटलं की एकटा प्रोग्रामरच डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ॲनिमेटर, ध्वनी, लेखन, लेव्हल डिझाइन (गेममधल्या टप्प्यांची रचना) अशी वेगवेगळी पथकं असतात आणि त्यांचं वेळापत्रक सांभाळणारे प्रोड्यूसर. गेममधल्या चुका शोधणारा टेस्टर सगळ्यात दुर्लक्षित. भाचा तेच काम करतो. एकाच भिंतीच्या कोपऱ्यावर दिवसभर पात्र आपटायचं, पाय भिंतीत रुतला की नोंद करायची, दुरुस्ती झाली की पुन्हा आपटायचं. नोकरी कंत्राटी. त्याने तपासलेला गेम बाजारात आला आणि याचं कंत्राट संपलं. नामावलीत नावही नाही.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गेमच्या नव्या आवृत्तीची सूत्रं त्यांच्याकडेच होती, पण मे २०२२ मध्ये ती कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेली. कारणं काहीही असोत, हळहळ वाटली. गेमिंग अभ्यासक्रमांच्या जाहिराती छापताना कंत्राटी टेस्टरांच्या नोकरीबद्दलही आपण एखादा लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे