घरातले कागद मागण्याआधी

मा. संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या गावातील इतिहास मंडळाच्या वर्षभराच्या उपक्रमांविषयी कालच्या अंकात अर्धे पान भरून आलेला वृत्तांत वाचला. वारसा फेरी, दिवाळीतील किल्ले स्पर्धा, शस्त्रप्रदर्शन, तीन दिवसांची मोडी कार्यशाळा आणि कोजागरीला वाड्याच्या चौकात गप्पा असा भरगच्च कार्यक्रम मंडळाने आखला, त्याबद्दल पदाधिकाऱ्यांचे अभिनंदन करणे हे जुना सभासद म्हणून माझे कर्तव्य आहे आणि ते मी येथेच उरकून घेतो. माझ्या पत्राचे कारण वृत्तांताच्या शेवटची चौकट आहे. घरोघरच्या जुन्या कागदपत्रांचे प्रदर्शन यंदा पुन्हा भरणार असून नागरिकांनी ‘आपल्याकडील ऐतिहासिक ठेवा’ मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा, असे आवाहन त्या चौकटीत आहे. मागच्या वेळी अशाच आवाहनाला भुलून मी तो ठेवा नेऊन दिला होता. त्याचे पुढे काय झाले, हे यंदा कागद काढायला माळ्यावर चढणाऱ्यांना आधी कळलेले बरे.

आमच्या घरी पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला एक कर्जरोखा होता. आजीने तो देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता आणि त्याला हात लावायचा तर हात धुऊन यावे लागे. शके १७९५, श्रीमुखनाम संवत्सरातला, म्हणजे इसवी सन १८७३च्या सुमाराचा तो कागद. माझ्या खापरपणजोबांनी बैलजोडीसाठी सावकाराकडून साठ रुपये घेतले, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये, असा त्यातला मजकूर होता. तो मला वाचता आला याचे सगळे श्रेय याच मंडळाचे आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. निवृत्तीनंतर मी मंडळाच्या मोडीच्या वर्गाला जात असे. दर मंगळवारी संध्याकाळी एक वयोवृद्ध गुरुजी फळ्यावर आधी आडवी रेघ ओढत आणि तिच्याखाली एकामागून एक अक्षरे लोंबकळवत जात. ना शब्द तोडलेला, ना ऱ्हस्वदीर्घाचा भेद. आम्ही नऊजण सुरुवातीला होतो, वर्षअखेर चार उरलो, पण त्या चौघांना कागद वाचता येऊ लागला. आता त्या वर्गाच्या जागी तीन दिवसांची कार्यशाळा आली आहे आणि शेवटच्या दिवशी रंगीत प्रमाणपत्र मिळते. तीन दिवसांत मुळाक्षरे गिरवून होतात. कागद वाचता येण्यास मला तरी वर्ष लागले होते. (आपल्या वार्ताहराने वृत्तांतात दोनदा ‘मोडी भाषा’ असे लिहिले आहे. मोडी ही लिपी आहे, त्या लिपीतली भाषा मराठीच आहे. कार्यशाळेला वार्ताहर हजर होते असे छायाचित्रावरून दिसते, त्यामुळे आश्चर्य अधिक वाटले.)

असो. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी नातवाला घेऊन गेलो. आमचा रोखा दर्शनी भागात, झगझगीत दिव्याखाली लावलेला होता आणि खाली सुबक अक्षरांत लिहिले होते, ‘शिवकालीन पत्र’. माझी उभी हयात दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली असल्यामुळे असेल, पण स्टँपाच्या कागदावर वरच्या बाजूला व्हिक्टोरिया राणीचे मस्तक छापलेले असताना तो कागद शिवकालीन कसा, हे मला उमगेना. नातवाने तेथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला तसे विचारलेही. त्या मुलाने फार अदबीने उत्तर दिले की, मोडीत आहे म्हणजे शिवकालीनच असणार. मुलाचा दोष नाही. ती पाटी लिहून देणाऱ्याने कागदाच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या असत्या तरी शक, संवत्सर, तिथी आणि वार सगळे तेथे होते.

पाटी चुकीची लागली तर बदलता येते. खरा घात प्रदर्शन संपल्यावर माझ्या लक्षात आला. कागद परत आणायला गेलो तेव्हा तो जाड पुठ्ठ्यावर गोंदाने डकवून, वरून लॅमिनेशन करून, कडेला सोनेरी पट्टी लावून माझ्या हाती ठेवण्यात आला. “काका, आता शंभर वर्षं काही होत नाही बघा,” असे एका पदाधिकाऱ्यांनी मला कौतुकाने सांगितले आणि हा खर्च मंडळाने सोसल्याचेही सांगितले. मी नळकांडे सोबत नेले होते, ते तसेच रिकामे परत आणले.

जुन्या कागदाची डागडुजी करायची झाल्यास गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि तलम कागद वापरतात, कारण ती खळ पुढे कधीही पाण्याच्या ओलाव्याने सोडवता येते. तापवून चिकटवलेले प्लॅस्टिक मूळ कागदाला इजा न करता सुटत नाही. ही काही गुप्त विद्या नव्हे. ज्या मंडळाच्या नावात इतिहास हा शब्द आहे, त्याच्या एका तरी पदाधिकाऱ्याला ती ठाऊक असावी अशी माझी भाबडी समजूत होती. शिवाय कागदाला दोन बाजू असतात, ही गोष्ट तर पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते.

आमच्या रोख्याची मागची बाजू हीच त्याची मोलाची बाजू होती. तेथे तीन हप्त्यांची नोंद होती आणि तळाशी सावकाराच्या हातचा ‘भरून पावलो’ असा शेरा होता. ती बाजू आता पुठ्ठ्याला चिकटलेली असल्यामुळे, कर्ज घेतल्याचा पुरावा आमच्या भिंतीवर सोनेरी पट्टीत झळकतो आहे आणि फेडल्याचा पुरावा गोंदात बुडाला आहे. सावकाराचे वारस अजून आले नाहीत, एवढेच नशीब.

परंतु माझे दुःख घराण्याच्या अब्रूचे नाही, त्या शेऱ्याखालच्या तिथीचे आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि रोखे, दस्त, वह्या हिसकावून त्यांची होळी केली. तेथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. शेकडो रोखे त्या वेळी जळाले, आमचा राहिला, कारण तो त्याआधीच फेडून घरी आला होता, असे आजी सांगत असे. वर्गात मी हे सांगितले तेव्हा गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारले होते, “आधी की नंतर? शेऱ्याची तिथी बघा. दंग्यानंतरची असली तर सावकाराने पैसे पोचले म्हणून लिहून दिले की भीतीने, हे कुणी सांगावे?” शेऱ्याखालची तिथी पाण्याच्या डागात अर्धी बुडालेली होती. ती उन्हात, भिंगाखाली धरून पुढच्या मंगळवारी वाचायची असे ठरले. पण गुरुजी आजारी पडले, वर्ग बंद झाला आणि ते गेले. दर्शनी बाजूची नक्कल मी गृहपाठ म्हणून वहीत करून ठेवली होती. मागची राहून गेली, हा माझाही आळस, तो मी कबूल करतो.

कालच्या वृत्तांतानुसार उद्घाटनाच्या भाषणात पाहुण्यांनी इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण केले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांचे २२ खंड छापले. त्यांतला पहिला १८९८ साली निघाला आणि आजही कोणाला तो कागद वाचायचा असल्यास खंड उघडून वाचता येतो. आपल्या मंडळाच्या मागील प्रदर्शनात किती घरांतून किती कागद आले, त्यांपैकी किती वाचले गेले आणि किती परत गेले, याची साधी यादीही मला मागून मिळालेली नाही. प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे मात्र कार्यालयात जिना चढताच दिसतात आणि ती कोणीही पुठ्ठ्यावर डकवलेली नाहीत, नीट आल्बममध्ये आहेत.

म्हणून मंडळाला आपल्या पत्रामार्फत जाहीर विनंती आहे की, यंदा कागद स्वीकारताना नाव, मजकुराचा प्रकार आणि पानांची संख्या लिहून सहीची पोच द्यावी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे मालकासमोर काढावीत आणि शक्यतो छायाचित्रांचेच प्रदर्शन मांडून मूळ कागद त्याच दिवशी घरी जाऊ द्यावा. कोणत्याही परिस्थितीत गोंद, चिकटपट्टी आणि लॅमिनेशनचे यंत्र कागदांच्या खोलीत आणू नये. यातले काहीच खर्चाचे नाही. वारसा फेरीच्या टी-शर्टांहून तर नक्कीच स्वस्त आहे.

पुठ्ठा सोडवण्यासाठी जाणकाराकडे जाण्याचा खर्च मी स्वतः करीन, फक्त कोणता गोंद वापरला होता तेवढे कळवावे, असे पत्र मी मंडळाला दोनदा दिले आहे. दोन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. आपल्या वार्ताहरांचे मंडळात नेहमी जाणे-येणे असते, तेव्हा त्यांनी एवढे विचारून घ्यावे. शेऱ्यावरची तिथी आधीची की नंतरची, हे मला अजून वाचायचे आहे.

कळावे,

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद