पहिला तास शेजाऱ्यांचा

निशी-कासाई, टोकियो
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मेघा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. त्याला फोनवर दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून पत्रच लिहायला बसले. अमोलची बदली पक्की झाली, नोव्हेंबरात तुम्ही येताय, घरही आमच्याच भागात बघताय, याचा किती आनंद झालाय ते भेटल्यावर सांगेन. आज फक्त तुझ्या काळजीबद्दल लिहिते. काकू म्हणाल्या ना, "किल्लारी बघितली ते पुरे नाही झालं का, आता मुद्दाम भूकंपाच्या देशात जायचं?" त्यांचं मला अजिबात चूक वाटत नाही. औशाच्या माणसानं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरावी तरी कशी? अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमूनभागून झोपलेली गावं चारच्या सुमारास खाली बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. आपण तेव्हा तिसरीत. त्यानंतर कितीतरी दिवस आपण सगळे अंगणात झोपायचो आणि रात्री म्हशीनं साखळी हलवली तरी लोक रस्त्यावर यायचे.

आपल्या अंगात तेव्हापासून एक गोष्ट भिनली आहे: जमीन हलली की बाहेर पळायचं. इथे यायच्या आधी तेवढी मनातून काढ. किल्लारीत माणसं कशानं मेली? दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर मातीचं वजनदार माळवद. तसल्या घरातून पळणं शहाणपणाचंच होतं. इथे चांगली बांधलेली इमारत डोलते, कुरकुरते, पण पडत नाही. बाहेर मात्र काचा, पाट्या, कौलं डोक्यावर येतात. म्हणून घर बघताना एजंटला भाडं विचारायच्या आधी इमारतीचं वर्ष विचारा. जून १९८१ मध्ये इथे भूकंपाचे बांधकाम-नियम कडक झाले. त्यानंतर परवानगी मिळालेलीच इमारत घ्या. एजंट "रिफॉर्म केलेली आहे, अगदी नवी आहे" म्हणेल. आतून रंग नवा असला तरी खांब जुनेच असतात. या एका बाबतीत अमोलला तडजोड करू देऊ नकोस, स्टेशन दहा मिनिटं लांब पडलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट घरातली. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत पहाटे भूकंप झाला, त्यात सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. बहुतेक जण जुन्या लाकडी घरांखाली, कपाटांखाली दबून गेले. त्यामुळे इथे कपाट आणि छत यांच्यामध्ये आवळून बसवायचे दांडे मिळतात, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. आल्या-आल्या आधी तेच आणू. तुझ्या अद्वैतच्या पलंगाजवळ उंच काही ठेवू नकोस. सगळ्यांच्या उशाशी बूट आणि टॉर्च हवाच, कारण हलायचं थांबल्यावर पहिली इजा तळपायाला होते, फुटलेल्या काचांनी.

फोनवर इशारा येतो तेव्हा घरातले सगळे फोन एकदम ओरडतात. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा छातीत धस्स होईल, आधीच सांगून ठेवते. तो आवाज आणि धक्का यांच्यात काही सेकंद मिळतात. केंद्र जवळ असेल तर तेवढेही मिळत नाहीत. त्या सेकंदांत टेबलाखाली जायचं आणि टेबलाचे पाय घट्ट धरायचे. धरायचे का, हे मला इथल्या सरावात कळलं. दर वर्षी १ सप्टेंबरच्या आसपास गल्लोगल्ली सराव होतात, १९२३ च्या कांतो भूकंपाची ती तारीख. अग्निशमन दल एक ट्रक आणतं. त्याच्या मागच्या भागात छोटं स्वयंपाकघर मांडलेलं असतं, टेबल आणि खुर्च्या जमिनीला जोडलेल्या. आपण आत बसायचं आणि ते मशीन सुरू करतात. मोठा धक्का सुरू झाला की उभं राहणं सोड, आपण बसलोय का लोळतोय ते समजत नाही. खऱ्या घरात टेबलच चालायला लागतं आणि तुम्ही उघडे पडता, म्हणून पाय धरायचे. अद्वैतला त्या ट्रकमध्ये नक्की बसव. मुलं घाबरत नाहीत, आणि शरीराला एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

गॅस बंद करायला धावू नकोस. मोठ्या धक्क्याला मीटर आपोआप गॅस तोडतो, नंतर मीटरवरचं बटण दाबून सुरू करता येतो. घर सोडून जायची वेळ आली तर मात्र विजेचा मुख्य ब्रेकर पाडून जा. कोबेत वीज परत आल्यावर पडलेल्या हीटरांनी आणि तुटलेल्या वायरींनी कितीतरी आगी लावल्या.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तू विचारलंस, "काही झालं तर वकिलात मदत करते ना?" करते, मेघा. कुदान-मिनामीला आपला दूतावास आहे. पासपोर्ट हरवला तर परत जायचा कागद देतात, घरच्यांशी संपर्क लावून देतात, नोंदणी केलेली असेल तर तुमची चौकशी करतात. आल्यावर नोंदणी कराच. पण दूतावास तुमच्या चौथ्या मजल्यावर येणार नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर आपल्या एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, ४६ जणांचं पथक मियागीतल्या ओनागावात आलं होतं. त्यांच्या कामाचा मला फार अभिमान आहे. पण भूकंप ११ मार्चचा आणि पथक पोचलं मार्चअखेर. देशाची मदत अशीच येणार, त्यात कोणाचा दोष नाही. पहिला तास शेजाऱ्यांचा असतो. कोबेत ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. किल्लारीत तरी वेगळं काय झालं? लष्कर यायच्या आधी हातांनी दगड उचलणारी माणसं त्याच गावची नाहीतर शेजारच्या गावांतली होती.

आणि इथे आपले शेजारी जपानी आहेत. निशी-कासाईत भारतीय इतके आहेत की वर्षभर एकही जपानी वाक्य न बोलता राहता येतं. डाळ, कढीपत्ता, भारतीय शाळा, सगळं हाताशी. पण याच सोयीची मला काळजी वाटते. आपले व्हॉट्सॲप ग्रुप चांगले आहेत, मराठी मंडळाची माणसं अर्ध्या रात्री धावून येतात, तरी तुझ्या जिन्यावर कोण राहतं हे त्यातून कळत नाही.

७ ऑक्टोबर २०२१ ची रात्र सांगते. पावणेअकराच्या सुमारास चिबातून जोराचा धक्का आला. प्रसाद ऑफिसातून निघालेला, गाड्या सगळ्या थांबलेल्या. मी आणि ईशा टेबलाखाली. हलायचं थांबलं, लिफ्ट बंद पडली होती. थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात टॉर्च, जिने चढून आलेल्या. "दाइजोबु?" म्हणजे ठीक आहात ना, एवढंच विचारलं. ईशाकडे बघितलं, दार नीट उघडतंय ना ते स्वतः उघडून-लावून पाहिलं, कारण चौकट वाकली की दार अडकतं, आणि वरच्या मजल्यावर गेल्या. त्यांच्या हातात कागद होता, कोणत्या घरात किती माणसं, कोणाला चालता येत नाही. त्या यादीत आमचं नाव होतं ते आम्ही चोनाइकाईत नाव घातल्यामुळे. चोनाइकाई म्हणजे इथलं गल्लीमंडळ. वर्षाची थोडी वर्गणी, अधूनमधून साफसफाई, एक सराव. एजंट याबद्दल सांगत नाही, तुम्हीच विचारा. घर लागल्यावर वर-खाली आणि दोन्ही बाजूंच्या दारांत जाऊन भेटा, सोबत छोटा टॉवेल नाहीतर बिस्किटांचा डबा न्या, तशी रीत आहे. १९२३ ला इथे अफवा उठल्या आणि त्या अफवांवरून कोरियन लोकांना ठार मारलं गेलं. आजचा काळ तो नाही, मान्य आहे. पण संकटात परक्या माणसाला ओळखणारं कोणीतरी आसपास असावं, हे मला त्या इतिहासातूनही पटतं.

अद्वैतचं आणि अमोलचं आधी ठरवून ठेवा, कारण मोठा भूकंप झाला तर अमोल घरी येणार नाही. खरंच येणार नाही. २०११ ला टोकियो आणि आसपास लाखो लोक अडकले, रस्ते माणसांनी भरून गेले. त्यानंतर टोकियोनं नियम केला, २०१३ पासून लागू आहे: कंपन्यांनी लोकांना लगेच घरी सोडायचं नाही, तीन दिवसांचं पाणी आणि खाणं ऑफिसातच ठेवायचं. म्हणजे ते दिवस तू, अद्वैत आणि सासूबाई आल्या असतील तर त्या, एवढेच. शाळेत मुलाला कोण न्यायला येईल त्यांची नावं लिहून घेतात आणि दुसऱ्या कोणाच्या हाती मूल देत नाहीत. तुझ्याखेरीज माझं नाव घाल, ईशाच्या कागदावर मी तुझं घालते.

फोन लागणार नाहीत. १७१ हा नंबर लक्षात ठेव: १७१, मग १ दाबून निरोप ठेवायचा, २ दाबून ऐकायचा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी चालू असतो. त्याचंच इंटरनेटवरचं रूप भारतातूनही उघडतं, ते तुझ्या भावाला दाखवून ठेव. काकूंना एवढं समजाव की आपल्या बातम्यांत "जपानमध्ये ७ रिश्टर" दिसलं म्हणजे टोकियो पडलं असं नाही. इथे लोक शिंदो बघतात, म्हणजे तुमच्या पायाखाली किती हललं. तो शून्यापासून सातपर्यंत असतो, चारपर्यंत आम्ही चहा बाजूला ठेवून थांबतो, एवढंच.

दवाखान्याचं थोडक्यात. पोलीस ११०, आग आणि ॲम्ब्युलन्स ११९. ११९ वर पहिला प्रश्न येतो, आग का आजारी माणूस? "क्यूक्यू देसु", म्हणजे तातडीचा आजार आहे, असं म्हणायचं आणि पत्ता सांगायचा. पत्ता जपानीत आणि देवनागरीत मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटव, कारण घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही. दुभाषी लाइनवर घेतात. ॲम्ब्युलन्सचे पैसे पडत नाहीत. ती आली की लगेच निघत नाही, आतले लोक फोन करत बसतात, आणि आपला जीव वरखाली होतो. ते कोणतं हॉस्पिटल घेईल ते विचारत असतात, त्यांना ओरडू नका. बोलावू की नको असं वाटलं तर हॅश लावून ७११९, आणि मुलासाठी रात्री हॅश लावून ८०००. विमा असला की आपल्याला तीस टक्के भरावे लागतात. पण सासूबाई पाहुण्या म्हणून येतील, त्यांना हा विमा लागू नाही. जुन्या आजारांचाही खर्च देणारी पॉलिसी भारतातूनच काढा. त्यांच्या बीपीच्या गोळ्या एका महिन्यापेक्षा जास्तीच्या आणायच्या असतील तर आधी इथली परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या गोळ्या आणण्याआधी त्यांतले घटक तपासा, काही औषधांवर इथे सरळ बंदी आहे.

भूकंपाच्या भीतीत पाण्याकडे दुर्लक्ष होतं. आपला एदोगावा वॉर्ड नद्यांच्या तोंडाशी आहे. सुमारे ७० टक्के भाग भरतीला समुद्राच्या पातळीखाली जातो. वॉर्डानं २०१९ मध्ये काढलेल्या पुराच्या नकाशावर चक्क लिहिलंय की इथे थांबू नका, वॉर्ड सोडून जा. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठं वादळ आलं तेव्हा रेल्वे आधीच जाहीर करून बंद केली होती. म्हणून वादळाच्या वेळी निर्णय आदल्या दिवशी घ्यायचा. सुमिता-काकू योकोहामाला उंचावर राहतात, आम्ही त्यांच्याकडे जातो. तुम्हीही आमच्याबरोबर याल.

सामानात काय आणायचं ते विचारलं होतंस. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, ते इथे घेऊ. संडासच्या पिशव्याही इथे घेऊ, भूकंपानंतर पाइप तपासल्याशिवाय फ्लश करायचा नाही. खाण्याचं मात्र तिकडून आण. घर सोडावं लागलेल्यांच्या शिबिरात मिळणाऱ्या बऱ्याच खाण्यात माशांचा अर्क असतो, तू तर अंडंही खात नाहीस. कोरडा भात इथे मिळतो, गरम पाणी ओतलं की होतो, पाणी गार असलं तरी तासाभरात फुगतो. त्यावर मेतकूट, तिखट शेंगदाण्याची चटणी, लोणचं असलं की चार दिवस निघतात. चिक्की आण, भाजके पोहे आण. मात्र कपाटात पुरून ठेवायचं नाही, जुनं खात जायचं आणि नवीन भरत जायचं.

घराचे फोटो आले की पाठव, बांधकामाचं वर्षही लिही, मी नकाशावर बघून सांगते. तुमची गल्ली कोणत्या शाळेच्या हद्दीत येते तेही कळव, शिबिर तिथेच असतं आणि चोनाइकाईचा माणूस मी आधीच शोधून ठेवते. काकूंना रविवारी संध्याकाळी मोकळं ठेव, व्हिडिओ कॉल करते. त्यांना खालच्या आजींशी बोलायचं असेल तर त्याही बसतील माझ्याबरोबर.

तुझीच,
स्मिता