केपटाउनची द्राक्षगावं अर्ध्या दिवसात उरकायची नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत केपटाउनवरचा लेख वाचला. फोटो झकास, पण वाचून जरा चिडचिडच झाली म्हणून लिहितोय. टेबल माउंटन, पेंग्विन, वॉटरफ्रंटचं शॉपिंग, आणि शेवटी दोन ओळीत 'स्टेलनबॉशला वाइन टेस्टिंग', संपलं. टूरवाले पण हेच करतात, सकाळी बसमध्ये कोंबायचं, भराभर दोन-तीन वायनरीज फिरवायच्या आणि संध्याकाळच्या आत हॉटेलवर आणून टाकायचं, आणि आपली माणसं पैसे भरलेत ना मग सोडायची कशाला म्हणून प्रत्येक ग्लास तळापर्यंत संपवतात, चव घेऊन थुंकायला बादली ठेवलेली असते तिच्याकडे कोणी बघतही नाही. अहो, स्टेलनबॉश केपटाउनपासून जेमतेम 50 किलोमीटर, पुढे फ्रान्सहुक अजून 30 च्या आसपास, एक रात्र तिकडेच राहिलं तर काय बिघडतं? फ्रान्सहुकला तर ट्राम पण आहे, या मळ्यातून त्या मळ्यात नेते, गाडी चालवायचं टेन्शनच नाही.

स्टेलनबॉशचा डॉर्प स्ट्रीट सकाळी पायी फिरण्यासारखा आहे. जुने ओक, रस्त्याच्या कडेने वाहणारे पाण्याचे पाट, चुन्याने रंगवलेली पांढरीशुभ्र डच घरं. इथल्याच युनिव्हर्सिटीत 1925 साली पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकाने पिनो न्वार आणि सँसो या द्राक्षांच्या दोन जातींचा संकर करून पिनोताज तयार केलं, त्याची वाइन प्या किंवा नका पिऊ (मला तरी ती फार उग्र लागते).

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे सगळं उभं कोणी केलं, याबद्दल लेखात एक अक्षर नाही. केपमध्ये पहिली वाइन निघाली 1659 ला, आणि गुलामांची जहाजं यायला लागली त्याच्या आदल्याच वर्षी. पुढे मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून सुद्धा माणसं विकत आणली, मळे त्यांनी कसले. ज्या 1679 साली स्टेलनबॉश वसलं त्याच साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपटाउनात गुलामांना डांबायला स्लेव्ह लॉज बांधलं, आज तिथे म्युझियम आहे, अगदी शहराच्या मध्यात, आणि तरी आपल्या ग्रुप टूरच्या यादीत ते क्वचितच दिसतं. गुलामी गेल्यावरही मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची 'डॉप' पद्धत चालूच राहिली, कायद्याने बंद केली तरी कित्येक मळ्यांवर रेंगाळली, आणि आईच्या दारूमुळे जन्मतःच बाधा झालेल्या मुलांचं प्रमाण आजही या भागात जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे. हे वाचून कोणाची ट्रिप खराब होत असेल तर होऊ दे. जवळच्याच पार्ल गावाहून फ्रान्सहुकला जाणाऱ्या रस्त्यावरच तो तुरुंग लागतो जिथून 11 फेब्रुवारी 1990 ला मंडेला चालत बाहेर आले, गेटसमोर मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा आहे, दोन्ही बाजूला द्राक्षांचे मळे, फोटोला दहा मिनिटं थांबा म्हटलं तर ड्रायव्हर नाही म्हणत नाही.

केपटाउनच्या बो-काप या जुन्या वस्तीचं पण तेच. रंगीत भिंतींसमोर सेल्फी काढून सगळे पुढे. पण त्या गुलामांचे वंशज तिथे अजून राहतात, आणि रविवारी सकाळी घराघरात कोसिस्टर तळतात, वेलची-दालचिनी घातलेले, पाकात बुडवून वर खोबरं भुरभुरलेले, गरम मिळाले तर सोडू नका.

आणि एक, लेखात सीझनच दिलेला नाही! आपल्याकडे मे-जूनच्या सुट्टीत बुकिंग होतं, तेव्हा तिकडे थंडी-पाऊस सुरू होत असतो, जूनमध्ये तर वेली बोडक्या. द्राक्षतोडणी असते फेब्रुवारी-मार्चला. मुलांच्या परीक्षा आडव्या येतात हे मान्य, पण निदान दिवाळीनंतरचा विचार करा, तेव्हा वेली हिरव्यागार असतात. पुढच्या लेखात एवढं तरी एका चौकटीत छापा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली