नदी किती खोल गेली, हे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूच्या चोरट्या वाहतुकीवरील कारवाईच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी वाचतो. इतके टिप्पर पकडले, इतकी ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू जप्त, इतक्या लाखांचा दंड. पण ती वाळू ज्या पात्रातून निघाली त्या पात्राचे पुढे काय झाले, हे कुठल्याच बातमीत नसते. ते कोणी मोजलेलेच नसते, म्हणून नसते.

माझी जमीन नदीकाठी आहे. लहानपणी आम्ही भर उन्हाळ्यात पात्रात झिरा उकरायचो आणि हातभर वाळू बाजूला केली की पाणी लागायचे. आज त्याच जागी काळा खडक उघडा पडला आहे. गेल्या आठ वर्षांत विहिरीतली मोटार मला दोनदा खाली उतरवावी लागली आणि दोन्ही वेळा वीस फुटी पाईप जोडावा लागला. काठाची दरड दर पावसाळ्यात ढासळते. बांधावरची दोन बाभळीची झाडे मुळांसकट पात्रात गेली.

याचे कारण समजायला अवघड नाही. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पुराचे पाणी ती धरून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने काठच्या विहिरींना पुरवते. वाळू काढून पात्र विहिरीच्या पाण्यापेक्षा खोल नेले, की प्रवाह उलटतो आणि विहिरीच नदीत रिकाम्या होऊ लागतात. ‘पुराबरोबर पुन्हा वाळू येतेच की,’ असे उपसा करणारे सांगतात. पण आपल्या बहुतेक नद्यांवर वरच्या अंगाला धरणे आहेत आणि गाळाबरोबर वाळूही धरणातच अडकते. खाली येते ती थोडकी, आणि उपसा मात्र बाराही महिने.

कायदा नाही असे म्हणायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपसा 3 मीटरपर्यंत किंवा पाणी लागेपर्यंत, जे आधी येईल तिथवरच करायचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48 (7) खाली विनापरवाना उपशाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. खाण व खनिज अधिनियमात तर 5 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. राज्याचे वाळू धोरणही सारखे बदलते. 2023 मध्ये शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरले आणि 2025 मध्ये पुन्हा लिलाव आले. या सगळ्या बदलांत चर्चा होते ती वाळू कोणी विकावी आणि कितीला विकावी याची.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. महसूल खात्याला गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरूम यांसारख्या खनिजांच्या, वसुलीचे उद्दिष्ट असते आणि देखरेखही त्याच खात्याकडे असते. दंड भरून घेतला की तो वसुलीत जमा होतो, गाडी सुटते आणि प्रकरण मिटते. नदीच्या नुकसानीचा रकाना त्या कागदावर नसतोच. आमच्या काठावर रात्री अकरानंतर दिवे मालवलेले ट्रॅक्टर उतरतात, सक्शन पंपाची घरघर पहाटेपर्यंत चालते. मी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी पंचनामा झाला आणि त्यात ‘अज्ञात इसमाने उपसा केल्याचे दिसून येते’ एवढे एक वाक्य आले. खड्डा दोन पुरुष खोल होता. त्याची लांबी, रुंदी, खोली काहीच लिहिलेले नव्हते. टेपच आणली नव्हती.

यात सगळा दोष तलाठ्याचा नाही. एकट्या माणसाने रात्री वाळूच्या गाडीपुढे उभे राहायचे, ही अपेक्षाच क्रूर आहे. अशा कर्मचाऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याच्या घटना राज्याने पाहिल्या आहेत. केंद्राने 2016 मध्ये खाणींसाठी उपग्रहाची देखरेख आणली. तिच्यात खाणपट्ट्याच्या (खाणकामासाठी दिलेल्या जागेच्या) हद्दीबाहेरच्या 500 मीटर भागावर नजर ठेवली जाते. डोंगर फोडला तर तो वरून दिसेल, पण गढूळ पाण्याखाली पात्र किती खोल गेले हे उपग्रहाला कसे कळणार?

म्हणून मोजणी हवी, आणि ती जागेवरच हवी. केंद्राच्या 2020 च्या सूचनांत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पात्राची पाहणी करून वाळू किती भरून आली याचा अभ्यास करण्यास सांगितले आहे. ही मोजणी लिलाव झालेल्या वाळूगटापुरती (पात्राच्या ठरवून दिलेल्या भागापुरती) न ठेवता चोरट्या उपशाच्या प्रत्येक ठिकाणी करावी. पात्राचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळ किती खोल आहे ते दाखवणारे आराखडे, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, म्हणजे मागच्या वर्षीची रेषा आणि यंदाची रेषा गावाला शेजारी शेजारी दिसेल. मोजणी महसूल खात्याने न करता भूजल सर्वेक्षण यंत्रणेने करावी. दंडाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच नदीच्या काठासाठी राखून ठेवावा.

यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी निदान एका नदीवर ही सुरुवात व्हावी. माझ्या शेताला लागून असलेल्या पात्रात मोजणीचे खांब रोवायला मी स्वतः हजर राहीन.

आपला,
नदीकाठचा एक शेतकरी वाचक