माळ लांबली म्हणजे कावीळ गेली असं नाही

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आमच्याकडे काविळीचे पेशंट दिसायला लागतात आणि त्यांच्या गळ्यात कावीळ उतरवायच्या त्या माळा पण. माझ्या मावसभावाला घातली होती, रोज थोडी थोडी लांबत पार बेंबीपर्यंत आली, सगळे म्हणाले बघा उतरली, डोळे पण पांढरे झाले खरंच, आणि दोन वर्षांनी रक्तदान केलं तेव्हा कळलं की याला हेपेटायटीस बी (लिव्हरला सूज आणणारा विषाणू) आहे.

अहो, कावीळ हे नुसतं लक्षण आहे. हेपेटायटीस ए आणि ई दूषित पाण्यातून होतात, बहुतेक लोक आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला जातं. (गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिला घरी ठेवूच नका.) बी आणि सी रक्तातून पसरतात, वर्षानुवर्षं गप्प बसून लिव्हर खातात. नुसतं बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) बघून प्रकार कळत नाही, बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी एचसीव्ही या रक्ताच्या टेस्ट करायलाच लागतात, सीची पॉझिटिव्ह आली तर पुढे व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बी गोळ्यांनी ताब्यात राहतो, आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांत बीची लस द्यायची असते.

२०१८ पासून हेपेटायटीसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात टेस्ट, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. भावाने वर्षभर खाजगीत पैसे भरले, कुणी सांगितलंच नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढं तरी लिहा हो.

- एक वाचक, सातारा