माशीने मासा

लॅन्सिंग, मिशिगन
२ जून

प्रिय शकू,

तुझं पत्र फेब्रुवारीत आलं आणि माझ्या उत्तराला जून उजाडला. रागावली असशील तर ते रास्तच आहे. गुडघा बरा आहे, साखर ताब्यात आहे. आज लिहायला बसले त्याचं कारण निराळंच आहे. शनिवारी निखिलबरोबर तळ्यावर गेले होते आणि तिथून आल्यापासून देवबागची खाडी डोळ्यांपुढून हलत नाही. 'सोड तेका, पोरां आसत वांगडा!' असं ओरडून, पिल्लांबरोबरच्या त्या काळुंदरीसाठी तू माझ्या हातातून गरी हिसकावली होतीस ना, तो दिवस. पंधरा दिवस बोललो नव्हतो आपण.

तू विचारलं होतंस, माशीने मासा कसा धरतात? ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्या गळाला शिशाचं वजन असायचं, ते दोर ओढून न्यायचं. इथे माशीला वजनच नसतं. आकड्यावर पिसं, केस नाहीतर फोम बांधून केलेला तो किडा. (पिसं बांधून मासा मिळतो म्हटलं असतं, तर तुझ्या बापूंनी आधी कोंबडी मागितली असती.) वजन असतं दोरीत. ती जाड, लेप दिलेली, पाण्यावर तरंगणारी. तिच्या टोकाला साडेसात फुटांचा निमुळता होत जाणारा धागा, त्याला लीडर म्हणतात, त्याच्या शेवटी फोर-एक्स किंवा फाइव्ह-एक्स जाडीचा तलम धागा आणि मग माशी. गाठीला पाच वेढे द्यायचे, आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर धागा तापून कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतो. माझा रॉड साडेआठ फुटी, चार नंबरचा. तो नंबर दोरीच्या वजनाचा. दोरी हलकी पडली तर रॉड वाकत नाही, आणि रॉड वाकला नाही तर दोरी पुढे जात नाही.

फेकताना रॉड घड्याळातल्या दहापासून एकपर्यंत मागे न्यायचा आणि थांबायचं. दोरी मागे पूर्ण उलगडली की मगच पुढे. सगळं काही त्या थांबण्यात आहे. घाई केली की चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. मनगट मोडलं की दोरी मागच्या गवतात. निखिलने रॉडचं बूड माझ्या बाहीच्या आत खोचायला लावलं, त्याने मनगट सरळ राहिलं. मान वळवून मागची दोरी बघितली तरी चालतं, त्यात कमीपणा नाही. पंचवीस फूट फेकता आलं की पुरे. आणि डासांचं औषध हाताला लावून दोरी धरू नकोस. डीट असलेल्या औषधाने तिचा लेप विरघळतो.

मासा ब्लूगिल. आपल्या काळुंदरीसारखा चपटा, तळहाताएवढा. तव्यात मावतो म्हणून अशा सगळ्यांना इथे पॅनफिश म्हणतात. तोंड इवलंसं, म्हणून आकडा दहा-बारा नंबरचाच. आकाराने त्याहून मोठा घेतलास तर नुसता टोचा मारून पळतो. आकड्याच्या टोकाचा उलटा काटा पकडीने चेपून ठेवायचा, म्हणजे माशाला इजा न होता निघतो. फोमची माशी पाण्यावर पडली की उठलेली वर्तुळं विरेपर्यंत हात हलवायचा नाही. बहुतेक वेळा तो त्या शांततेतच उचलतो, चुंबल्यासारखा बारीक आवाज करून. नुसताच बघून परत जात असेल, तर वरच्या माशीच्या आकड्याला दीड फूट धागा बांधून खाली एक बुडणारा किडा लोंबकळत सोडायचा. हात ओला करून मासा धरायचा आणि पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबायचे. उलटा धरलास तर रक्त काढतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला ब्लूगिल उत्तरेकडच्या काठाच्या उथळ, काळ्या चिखलाच्या कोपऱ्यांत येतात, कारण तिथलं पाणी आधी तापतं. ते वीस अंशांच्या पुढे गेलं की नर शेपटीने रेती उडवून घरटी करतात. गुडघाभर, कमरेभर पाण्यात एकाला लागून एक, पंगतीला पत्रावळी मांडाव्यात तशी. मादी अंडी घालून खोल पाण्यात निघून जाते. नर राखण बसतो, वरून काही गेलं की त्याच्यावर तुटून पडतो. त्याला भूक नसते शकू, तो हाकलत असतो.

आणि मी त्यालाच धरत बसले. एका तासात सात. काळसर कपाळ, नारिंगी छाती, सगळे आठ-नऊ इंची. निखिल दोनदा म्हणाला, "आई, हे सोडूया का?" मी म्हटलं, कायद्याने दिवसाला २५ घेता येतात, सातांचं काय घेऊन बसलास! तो गप्प झाला. रागावला असता तर बरं होतं.

रविवारी तिथेच परत गेलो. आमच्या त्या घरट्यांवर चिंगळ्याएवढे बारके ब्लूगिल डोकं खाली करून अंडी वेचत होते. शेजारच्या घरट्यांवर नर होते, तिथे एकही बारका फिरकत नव्हता. मग निखिलने गाडीत सगळं सांगितलं. मोठे नर काढून टाकले की लहान नर लवकर वयात येतात, वाढायची ताकद तिथेच खर्च होते आणि काही वर्षांनी सगळं तळं चार-पाच इंचांवर अडकून राहतं. इथल्या थंडीत आठ इंच व्हायला सहा-सात वर्षं सहज लागतात. म्हणजे सात माशांची मिळून चाळीसेक वर्षं मी तव्यावर टाकली. हळद, तिखट, तांदळाचं पीठ. चव छान होती, तेच तर सलतंय. काळुंदरीचं तुला तेव्हा दहाव्या वर्षी कळलं, मला अठ्ठावन्नाव्या.

आता आमचं ठरलंय: नारिंगी छातीचा परत पाण्यात, सहा-सात इंची घरी, दोघांत मिळून दहा. घरट्यांवर माशी टाकायचीच नाही. गवताच्या बाहेरच्या कडेला, आठ-दहा फूट पाण्यात बुडता किडा सोडायचा. मेहनत जास्त आहे. निखिल १४ तारखेला परत येतोय, तेव्हा बघू.

सुनेची तारीख ऑगस्टचीच ना? पंपाचं काम झालं का? माझी निळी साडी अजून तुझ्याकडे आहे, विसरले नाहीये. कुणी येणार असेल तर कोकमाच्या आगळाची एक बाटली पाठव. इथे मिळतं त्याला आंबटपणाच नाही.

तुझी,
मंदा