रविवारची बैठक : मोत्याच्या डुलाच्या चित्रावरची कादंबरी

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आपल्या नेहमीच्या वाचनकक्षात चर्चा आहे. ट्रेसी शेवेलियरची ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ ही कादंबरी पूर्ण वाचूनच या; शेवटावर मोकळेपणाने बोलणार आहोत.

येण्याआधी डच चित्रकार व्हर्मीरचं मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचं मूळ चित्र, छापील किंवा पडद्यावर, पाच मिनिटं तरी शांतपणे बघा. ते साधारण १६६५चं आहे आणि हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात असतं. मोती जवळून पाहा: पांढऱ्या रंगाचे दोन-तीन फटकारे, बस्स. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही! डोक्यावरच्या कापडाचा निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा, म्हणजे त्या काळी अतिशय महागडा. आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती, हे २०१८च्या तपासणीतून पुढे आलं. पुस्तकातले रंग कुटण्याचे प्रसंग यानंतर पुन्हा वाचाच.

चित्रातली मुलगी कोण, याची कुठेच नोंद नाही. तिची गोष्ट कल्पित आहे. व्हर्मीर, त्याचं गाव डेल्फ्ट आणि त्याची बायको कॅथरिना मात्र खरी. १६७५मध्ये तो वारल्यावर कॅथरिनाला बेकरीवाल्याच्या थकलेल्या उधारीपोटी दोन चित्रं द्यावी लागली. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल. कादंबरीने तिला न्याय दिला का?

– प्रत्येकाने एक उतारा निवडून आणावा, पान नोंदवून.
– वाचनालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत परत करावी, दोघे जण थांबले आहेत.
– येणार नसाल तर शनिवारपर्यंत कळवा.